प्रवेश सुरू आहेत, शाळा लवकरच

नव्याने उघडलेली माध्यमिक शाळा प्रामुख्याने शहराच्या अशा सीमेवर आढळते, जिथे महानगरपालिकेचे पाणी संपून टँकरचे पाणी सुरू झालेले असते. पुण्यात वाघोलीकडे, ठाण्यात घोडबंदर रस्त्याच्या टोकाला किंवा नाशिकला पाथर्डी फाट्याच्या पुढे ती साधारणतः जानेवारी ते मार्च या काळात एकाएकी दिसू लागते, आणि तिच्या उत्पत्तीचा क्रमही सर्वत्र सारखाच असतो. प्रथम फलक येतो, मग कमान येते, कमानीमागून प्रवेश-अर्ज येतो, आणि इमारत, शिक्षक व शासनाची मान्यता या किरकोळ बाबी आपापल्या सवडीने मागाहून येतात. अशी शाळा पाहण्यास जाणे हा मध्यमवर्गीय कुटुंबाचा रविवारचा रूढ विधी झालेला असून, ज्या गृहस्थाने सकाळी मंडईत प्रत्येक भेंडीचे टोक मोडून पाहिलेले असते, तोच गृहस्थ दुपारी पाल्याची पाच वर्षे आणि स्वतःचे काही लाख रुपये एका संगणकीय चित्राकडे पाहून देऊन टाकतो.

माध्यमिक शाळा म्हणजे बोलण्याच्या व्यवहारात पाचवी किंवा आठवीपासून दहावीपर्यंतची शाळा; परंतु कायद्याच्या नजरेने पाहता खरा माध्यमिक टप्पा नववीपासून सुरू होतो, कारण २००९ चा बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, जो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, तो सहा ते चौदा वर्षे वयाच्या, म्हणजे साधारणतः पहिली ते आठवीच्या मुलांपुरता बोलतो आणि नववीच्या उंबरठ्याशी येऊन गप्प बसतो. ही बारकाई पुढे बरीच महाग पडते. पण ती समजून घेण्याच्या वेळी पालकांचे लक्ष प्रवेशकक्षातल्या कारंज्याकडे असते.

शाळेच्या नावात आंतरराष्ट्रीय, जागतिक किंवा वैश्विक यांपैकी एक विशेषण इंग्रजीतून घालणे आवश्यक समजले जाते. काटेकोरपणे बोलायचे तर ज्या शाळा १९६८ मध्ये जिनिव्हात स्थापन झालेल्या इंटरनॅशनल बॅकलॉरिएट या संस्थेशी किंवा केंब्रिजच्या परीक्षामंडळाशी जोडलेल्या असतात, त्यांनाच या विशेषणावर काही हक्क सांगता यावा. इतर ठिकाणी आवारातील सर्वांत आंतरराष्ट्रीय वस्तू म्हणजे स्वागतकक्षातला इटालियन संगमरवर असतो, आणि तोही चौकशीअंती राजस्थानचा निघतो. महाराष्ट्रातील कोणत्याही मंडळाच्या शाळेत दहावीपर्यंत मराठी शिकवणे २०२० च्या कायद्याने बंधनकारक केले असल्यामुळे या वैश्विकतेला थोडे गालबोट लागते, आणि त्याची भरपाई प्रवेश सल्लागार आवाज खाली आणून करतात.

“मराठी आहे का हो?” असे पालक विचारतात, आणि हे विचारणारे पालक सातारचे असतात.

“कंपल्सरी आहे, सर,” सल्लागार दिलगिरीच्या सुरात सांगतात, “पण आम्ही त्यावर फारसा भर देत नाही.”

पालकांच्या चेहऱ्यावर समाधान पसरते, आणि पाहणी पुढे सरकते.

पाहणी म्हणजे ‘कॅम्पस टूर’. प्रवेश सल्लागार या पदाचा अर्थ असा, की ज्या व्यक्तीला शाळेविषयी सर्व काही विचारता येते, परंतु जी व्यक्ती शाळेत काहीही शिकवत नाही, आणि मागच्या हंगामापर्यंत बहुधा शेजारच्या गृहप्रकल्पात सदनिका विकत होती. तिच्या उत्तरांत न्यूनतेला स्थान नसते. प्रयोगशाळा कुठे आहे असे विचारल्यास संपूर्ण आवार हीच आमची प्रयोगशाळा आहे, असे उत्तर मिळते. ग्रंथालय डिजिटल असते, आणि ते पाहू म्हटल्यास सर्व्हर बंद असतो. मैदानाबाबतचा संवाद मात्र अधिक तपशिलाने नोंदवण्याजोगा आहे.

“मैदान?”

“ते काय समोर, चार एकर.”

“तिथे म्हशी चरताहेत.”

“जूनपर्यंत शिफ्ट होतील, मॅडम.”

म्हशी कोणाच्या, जमीन कोणाची आणि सात-बारावर नाव कोणाचे, हे प्रश्न खरे तर याच ठिकाणी सुचायला हवेत. परंतु एवढ्यात सल्लागार घोडा दाखवतात. घोडेस्वारी ही नव्या शाळेची अलीकडची सर्वांत प्रभावी सुविधा असून तिच्यासाठी एक घोडा ठेवलेला असतो, जो लग्नसराईत रजेवर जातो. घोडा पाहिल्यावर पालकांची विचारशक्ती पुरती थांबते, आणि ज्या पित्याने आयुष्यात स्कूटरखेरीज कशावर मांड टाकलेली नसते, त्यालाही आपले जे काही व्हायचे राहिले ते घोड्याअभावी राहिले, असा साक्षात्कार होतो. प्रस्तुत लेखकाचे दहावीतील भूमितीचे गुण पाहता या उपपत्तीत काही तथ्य असावे, असे त्याच्या कुटुंबीयांचेही मत आहे.

या सर्व मिरवणुकीत एकच व्यक्ती विसंगत वागते, आणि ती म्हणजे आजोबा. ते बहुधा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले असतात, घोड्याकडे पाहत नाहीत, लिफ्टने वर जात नाहीत, मुलांचे स्वच्छतागृह कुठे आहे ते विचारून एकटेच तिकडे जातात, नळ सोडून पाहतात, परत येऊन पाणी नसल्याचे सर्वांसमक्ष जाहीर करतात आणि वर विचारतात, “शिकवणार कोण? नावं सांगा.”

“फॅकल्टी जूनमध्ये जॉइन होईल, काका.”

“मग एप्रिलमध्ये फी कशाची घेताय?”

या टप्प्यावर सून अत्यंत मृदू आवाजात, “बाबा, तुम्ही जरा गाडीत बसता का? ऊन फार आहे,” असे म्हणते, आणि नव्या शाळेच्या पाहणीतील एकमेव सक्षम तपासनीस गाडीत नेऊन बसवला जातो. वास्तविक शिक्षण हक्क अधिनियमाच्या परिशिष्टात शाळेच्या इमारतीसाठी ज्या किमान गोष्टी सांगितल्या आहेत, त्यांत प्रत्येक शिक्षकामागे एक वर्गखोली, मुलांमुलींसाठी वेगवेगळी स्वच्छतागृहे, पिण्याचे सुरक्षित पाणी, अडथळाविरहित प्रवेश, मैदान आणि कुंपण यांचा समावेश असून कारंजे आणि घोडा यांचा कोठेही उल्लेख नाही. आजोबांनी अधिनियम वाचलेला नसतो. त्यांनी फक्त नोकरी केलेली असते.

शिक्षकांविषयीचा आजोबांचा प्रश्न टाळला जातो यामागे केवळ सुनेचा संकोच नसून एक व्यावहारिक अडचण असते. नववी-दहावीला शिकवण्यासाठी त्या विषयाची पदवी आणि बी.एड. अशी पात्रता अपेक्षित असते. अशा शिक्षकाला पगार द्यावा लागतो, आणि पगाराचा बराचसा पैसा कमानीत गेलेला असतो. परिणामी जूनमध्ये आलेले विज्ञानाचे शिक्षक दिवाळीच्या सुट्टीनंतर परत येत नाहीत, आणि भौतिकशास्त्राचा तास शारीरिक शिक्षणाच्या सरांकडे जातो, कारण दोन्ही विषयांत बल आणि गती असतेच, असा व्यवस्थापनाचा युक्तिवाद असतो. शाळा दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षात असेल, तर पहिल्या वर्षीचे किती शिक्षक अजून आहेत, हा एक प्रश्न संपूर्ण माहितीपुस्तिकेहून अधिक माहिती देतो. पुस्तिकेत त्याचे उत्तर नसते, कारण पुस्तिकेतील शिक्षिका छायाचित्रांच्या संकेतस्थळावरून आलेली असून तिने भारत पाहिलेला नसतो.

निकालाचा प्रश्न हा नव्या शाळेच्या बाबतीत तत्त्वज्ञानाच्या प्रांतात मोडतो. “दहावीचा निकाल कसा आहे?” असे विचारल्यास “आजवर आमचा एकही विद्यार्थी नापास झालेला नाही” असे जे उत्तर मिळते, ते अक्षरशः खरे असते, कारण आजवर एकही विद्यार्थी परीक्षेला बसलेला नसतो.

येथे नव्या शाळांवर अन्याय होऊ नये म्हणून हेही नोंदवले पाहिजे, की निकाल नसणे हा दोष नव्हे. पुण्याचे न्यू इंग्लिश स्कूल २ जानेवारी १८८० रोजी उघडले, तेव्हा तेही अगदी नवेच होते. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सरकारी नोकरी सोडलेली, टिळकांची कायद्याची पदवी ताजी, सोबत माधवराव नामजोशी, आणि जागा म्हणजे शहरातला एक वाडा. आजचे पालक त्या वाड्याच्या दारात उभे राहिले असते, तर त्यांनी प्रथम गाडी लावायला जागा विचारली असती, मग वातानुकूलन विचारले असते, मग संस्कृत आणि गणित शिकवणारे हे तरुण गृहस्थ वर्षभर तरी टिकतील का अशी शंका परस्परांच्या कानात बोलून दाखवली असती, आणि शेवटी घोडा नसल्याचे पाहून मुलाला दुसरीकडे घातले असते. पुढे आगरकर आणि वामन शिवराम आपटे येऊन मिळाले, १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालय उभे राहिले. त्या शाळेत पहिल्या दिवशी दाखवण्याजोगे फक्त शिक्षक होते, आणि आजच्या नव्या शाळेत नेमके तेच दाखवता येत नाहीत, एवढाच काय तो फरक.

आता कागदांकडे वळावे लागेल, जरी कागद हा शब्द उच्चारताच पालक मोबाइल काढतात. महाराष्ट्रात विनाअनुदानित तत्त्वावर नवी शाळा काढण्यासाठी २०१२ चा महाराष्ट्र स्वयंअर्थसहाय्यित शाळा (स्थापना व विनियमन) अधिनियम आहे. स्वयंअर्थसहाय्यित म्हणजे शासनाचा पैसा न घेणारी, अर्थात पालकांचा घेणारी शाळा. अशा शाळेला सुरुवातीस इरादापत्र मिळते आणि अटी पूर्ण झाल्यावर परवानगी मिळते. परंतु उत्साही संस्थाचालक, ज्यांना स्थानिक वृत्तपत्रे वाढदिवसाच्या जाहिरातीत शिक्षणमहर्षी म्हणून संबोधतात, ते इरादापत्रावरच वर्ग भरवू लागतात. अशा वेळी इरादा संस्थेचा असतो, पत्र शासनाचे असते आणि मुले पालकांची असतात. मान्यतेचे प्रमाणपत्र न घेता शाळा चालवल्यास शिक्षण हक्क अधिनियमाच्या कलम १८ नुसार १ लाख रुपयांपर्यंत, आणि त्यानंतरही ती चालूच ठेवल्यास दिवसाला १० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. शिक्षण विभाग अनधिकृत शाळांच्या याद्याही जाहीर करत असतो, पण त्या याद्या शाळेत मूल घातल्यानंतर वाचण्याची प्रथा आहे.

मान्यताप्राप्त शाळेला ‘यूडायस’ क्रमांक असतो. हा अकरा अंकी क्रमांक देशातील प्रत्येक शाळेची ओळख असून महाराष्ट्रातील शाळांचा २७ पासून सुरू होतो. तो विचारल्यावर कार्यालयातील लिपिक ज्या प्रकारे ‘मुख्य शाखेला’ फोन लावतो, त्यावरून पुष्कळ काही कळते. क्रमांक नसलेल्या शाळेत गेलेल्या मुलाची सरकारी नोंद जुन्या शाळेच्याच पटावर राहते, आणि मग देह नव्या शाळेत व नाव जुन्या शाळेत अशी जी अवस्था मुलाला प्राप्त होते, ती पूर्वी केवळ सिद्ध पुरुषांना साधत असे. जुन्या शाळेचे मुख्याध्यापक, ज्यांच्यासमोर पालकांनी शाळा सोडल्याचा दाखला मागताना ‘इथं काही राम राहिला नाही’ असे उद्गार काढलेले असतात, ते पुढे त्या नोंदीसाठी किती चकरा मारायला लावतात, हे ज्याचे त्यानेच अनुभवावे.

यानंतर ‘पॅटर्न’. महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ, जे १ जानेवारी १९६६ पासून कार्यरत असून ज्याची नऊ विभागीय मंडळे आहेत, ते आपल्या शाळांना सांकेतांक देते. दिल्लीचे केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळ, म्हणजे सीबीएसई, संलग्नता देते. ‘सीबीएसई पॅटर्न’ नावाची गोष्ट मात्र कोणतेही मंडळ देत नाही. ती फक्त रंगाऱ्याकडे मिळते. फलकावर सीबीएसई ही अक्षरे कमानीएवढी आणि पॅटर्न हा शब्द मुंगीएवढा असतो, आणि त्याचा अर्थ असा, की शाळा त्या मंडळाची पुस्तके विकत घेते, जी कोणालाही दुकानात मिळतात.

संलग्नता खरोखर असली, तरी ती कोणत्या इयत्तेपर्यंत आहे हा पुढचा प्रश्न उरतो. नवी शाळा दरवर्षी एकेक वर्ग वर चढवत नेते; पहिल्या तुकडीचे मूल आठवी ओलांडते आणि नववीचा कागद दिल्लीहून निघालेला नसतो. सीबीएसईत मुलांची नोंदणी नववीतच होते, त्यामुळे हा विलंब गमतीचा राहत नाही. अशा वेळी पालकांची तातडीची सभा बोलावली जाते.

“काही काळजी करू नका,” संचालक सांगतात, “फॉर्म आपण आपल्या सिस्टर स्कूलमधून भरणार आहोत.”

“ते कुठं आहे?”

“आहे. तालुक्याच्या पलीकडे.”

“मग गुणपत्रिकेवर शाळेचं नाव कुठलं येणार?”

“त्यांचंच. पण संस्कार आपले.”

ज्या पालकांनी पाच वर्षे चारचाकीच्या मागच्या काचेवर शाळेचे बोधचिन्ह मिरवलेले असते, त्यांच्या पाल्याच्या दहावीच्या गुणपत्रिकेवर अशा रीतीने एका अपरिचित गावचे विद्यालय अवतरते. राज्य मंडळाकडे पर्याय म्हणून १७ नंबरचा अर्ज आहेच, म्हणजे बाहेरून परीक्षेला बसण्याची सोय. परंतु ज्याला तोच भरायचा होता, त्याला घोड्याचे शुल्क देण्याचे कारण नव्हते.

प्रवेशाच्या वेळी होणाऱ्या मुलाखतीविषयी थोडक्यात. पहिली ते आठवीच्या प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची कोणतीही चाळणी घेण्यास आणि देणगी उकळण्यास शिक्षण हक्क अधिनियमाच्या कलम १३ ने मनाई केलेली आहे. चाळणी घेतल्यास प्रथम २५ हजार आणि नंतर प्रत्येक वेळी ५० हजार रुपयांपर्यंत दंड आहे. त्यामुळे शाळा मुलाखत घेत नाही, संवाद साधते. हा संवाद साधण्यापूर्वी माता सुट्टी घेऊन इंग्रजीचा सराव करते, पिता केस काळे करतो, आणि दोघेही घरी टीव्ही नसल्याचे एकमुखाने सांगतात. ज्या शाळेचे तीन मजले रिकामे आहेत तिने आपल्याला नाकारू नये, म्हणून दोन पदवीधर माणसे घाम पुसत बसलेली असतात, आणि खुर्चीपलीकडची व्यक्ती आपल्या शाळेत मराठी आहे हे लपवत असते.

शुल्काबाबत २०११ चा महाराष्ट्र शैक्षणिक संस्था (शुल्क विनियमन) अधिनियम असून त्यात पालकांना अनेक पालकांच्या कल्पनेपलीकडचे अधिकार दिलेले आहेत. शैक्षणिक वर्ष सुरू झाल्यावर ३० दिवसांत पालक-शिक्षक संघ स्थापन व्हावा, त्यातून कार्यकारी समितीवरील पालक सोडत काढून निवडले जावेत, व्यवस्थापनाने पुढील वर्षाच्या शुल्काचा प्रस्ताव सहा महिने आधी समितीपुढे ठेवावा, आणि एकदा ठरलेले शुल्क दोन वर्षे बदलू नये, अशी ही योजना आहे. तिची अंमलबजावणी पुढीलप्रमाणे होते. व्हॉट्सॲपच्या गटावर शुल्कवाढीविरुद्ध रात्री दीडपर्यंत रणधुमाळी चालते, “आता रस्त्यावर उतरायलाच हवं” या संदेशाला शेकडो अंगठे मिळतात, आणि शनिवारच्या सभेला चहाच्या थर्मासहून कमी माणसे येतात. सोडतीत ज्याची चिठ्ठी निघते तो महाबळेश्वरला असतो. समितीची पहिली बैठक पार पडते, बुटांचा रंग काळ्याऐवजी तपकिरी करण्याचा ठराव एकमताने संमत होतो, आणि बूट शाळेने सांगितलेल्या दुकानातच मिळतात हे नंतर उघड होते.

पाहणीची वेळ हा तपशील बहुतेकांकडून दुर्लक्षिला जातो. एप्रिलच्या रविवारी कोणतीही शाळा चांगलीच दिसते, कारण तिच्यात मुले नसतात. शाळा चालू असताना, शक्य तर जुलैच्या पावसात, बस सुटण्याच्या वेळी फाटकाबाहेर उभे राहिल्यास चिखल किती, बसमध्ये मदतनीस बाई आहे की नाही, आणि शिक्षक मुलांशी कोणत्या स्वरात बोलतात, हे विनामूल्य कळते. फाटकासमोरच्या टपरीवरचा चहावाला, बसचा चालक आणि पहारेकरी या तिघांना शाळेची जी माहिती असते ती संचालक मंडळालाही नसते. कोणते सर का गेले, पगार कधीपासून थकला आणि लिफ्ट कोणत्या दिवसापासून बंद आहे, हे ते एका चहात सांगतात. हे काम आजोबांना द्यावे. ते गाडीतून उतरून तसेही तिकडेच गेलेले असतात.

एवढे केल्यावर परवानगीचा आदेश, यूडायस क्रमांक आणि संलग्नता कोणत्या इयत्तेपर्यंत आहे ते सांगणारे पत्र, हे तीन कागद कार्यालयात बसून डोळ्यांनी वाचावेत, आणि ते दाखवणारे साहेब बाहेरगावी गेले असल्यास साहेब परत येईपर्यंत पैसे भरू नयेत. त्या वेळी सल्लागार शेवटच्या दोनच जागा उरल्याचे सांगतील. नव्या शाळेतील शेवटच्या दोन जागा गणपतीपर्यंत शिल्लक असतात.